मागाठाण्याचं शेत

दिंडोशीच्या मेट्रो स्थानकावरून दहिसरकडे निघालं की कुरार, आकुर्ली, पोयसर आणि चौथं मागाठाणे. रोज या नावाची घोषणा होते, माणसं चढतात, उतरतात. बहुतेकांच्या लेखी ते बोरिवलीच्या अलीकडचं एक स्थानक, फार तर एका विधानसभा मतदारसंघाचं नाव.

हेच नाव कान्हेरीच्या बौद्ध लेण्यांच्या कातळात कोरलेलं आहे. तिथे ते 'मागलठाण' असं येतं, प्राकृत भाषेत आणि ब्राह्मी लिपीत. त्याला सुमारे अठराशे वर्षं झाली. मूळ शब्द मंगलस्थान. त्याचं मागलठाण झालं आणि पुढे जिभेवर घासत घासत मागाठाणे. लेखाचा मतलब एवढाच, की या गावातलं शेत लेण्याला दान दिलं आहे आणि त्याच्या उत्पन्नातून भिक्खूंचा खर्च भागावा.

दिंडोशीहून डोंगरावरून सरळ रेघ ओढली तर कान्हेरी जेमतेम पाच-सहा किलोमीटरवर आहे. म्हणजे दिंडोशीच्या नागरी निवाऱ्यातल्या किंवा संतोषनगरातल्या एखाद्या मुलीच्या घरामागच्या डोंगरात, तिच्याच मेट्रोच्या मार्गावरचं नाव, एका जमाखर्चाच्या नोंदीत अठराशे वर्षं टिकून आहे. हे पहिल्यांदा कळलं तेव्हा मी बराच वेळ गप्प बसलो होतो. पुढे जे कळत गेलं ते याहून विलक्षण होतं. या डोंगरातला इतिहास मोठ्या प्रमाणावर गणितात लिहिलेला आहे आणि तो वाचायला सातवी-आठवीचं गणित पुरतं.

दर साल दर शेकडा

शाळेत आपण सगळ्यांनी 'द.सा.द.शे.' लिहिलेलं आहे. मुद्दल, मुदत, दर, सरळव्याज. ही उदाहरणं बँकेसाठी असतात असं आपल्याला वाटतं. आता नाशिकच्या पांडवलेण्यांत चला. दहाव्या लेण्यात क्षहरात राजा नहपानाचा जावई उषवदात याचा लेख आहे, सुमारे एकोणीसशे वर्षांपूर्वीचा. त्यानं गोवर्धन इथल्या विणकरांच्या श्रेणींकडे ३,००० काहापण ठेव म्हणून ठेवले. काहापण म्हणजे कार्षापण, त्या काळचं चांदीचं नाणं. त्यातले २,००० एका श्रेणीकडे, दरमहा शेकडा एक दरानं. उरलेले १,००० दुसऱ्या श्रेणीकडे, दरमहा शेकडा पाऊण दरानं. ठेव परत घ्यायची नाही, फक्त व्याज वापरायचं. अशा ठेवीला 'अक्षयनीवी' म्हणत. लेख पुढे सांगतो की पहिल्या ठेवीच्या व्याजातून लेण्यात वर्षावास, म्हणजे पावसाळ्यातला मुक्काम करणाऱ्या वीस भिक्खूंना प्रत्येकी बारा काहापण चीवरासाठी, म्हणजे वस्त्रासाठी द्यावेत.

वहीचं शेवटचं पान उघडा. दोन हजारांवर शेकडा एक, म्हणजे महिन्याला २०. वर्षाला २०×१२, म्हणजे २४०. आणि वीस भिक्खूंना प्रत्येकी बारा म्हणजे तेही २४०. एक काहापण उरत नाही, एक कमी पडत नाही.

एकोणीसशे वर्षांपूर्वी कुणीतरी बसून हे गणित मांडलं होतं. किती भिक्खू, प्रत्येकाला किती, त्यासाठी वर्षाला किती व्याज लागेल आणि तेवढं व्याज यायला मुद्दल किती ठेवावं लागेल. म्हणजे उत्तर आधी ठरलं आणि मुद्दल उलट्या बाजूनं काढलं. आपल्या पाठ्यपुस्तकात 'मुद्दल काढा' प्रकारचं जे उदाहरण असतं, ते इथे कातळात सोडवून ठेवलेलं आहे. त्याच लेखात ७०,००० काहापणांचं दुसरं दान आहे आणि पस्तीस काहापणांचा एक सुवर्ण या दरानं ते २,००० सुवर्ण होतात, असंही कोरलेलं आहे. भागून पाहा, बरोबर येतं. चांदी-सोन्याचा विनिमय दर लेण्याच्या भिंतीवर!

आता कान्हेरीला परत येऊ. तिथले दाते कल्याणचे, सोपाऱ्याचे, चौलचे, नाशिकचे. कल्याणच्या एका सोनारानं इथे पाण्याची पोढी खोदून दिली, म्हणजे टाकं. एका लोहारानं वाट बांधून दिली. आणि या डोंगरावरचा हिशेब शतकानुशतकं चालूच राहिला. राष्ट्रकूट राजा अमोघवर्षाच्या काळात उत्तर कोकणात त्याच्या मांडलिक शिलाहारांचा अंमल होता. तेव्हा गौड देशातून, म्हणजे बंगालच्या बाजूनं आलेल्या अविघ्नाकर नावाच्या उपासकानं इथे भिक्खूंसाठी खोल्या करवल्या आणि शंभर द्रम्म, म्हणजे त्या काळची नाणी, अक्षयनीवी म्हणून ठेवले. त्याच राजाच्या काळातला आणखी एक कान्हेरीचा लेख शके ७९९ चा आहे. शकात ७८ मिळवले की इसवी सन येतो, म्हणजे ८७७.

याच अमोघवर्षाच्या राज्यात महावीराचार्य नावाचे जैन गणिती होऊन गेले. 'गणितसारसंग्रह' या आपल्या ग्रंथाच्या आरंभी त्यांनी राजाची स्तुती केली आहे आणि पुढे व्याजाच्या उदाहरणांना ऐसपैस जागा दिली आहे. एका राजाच्या अमलाखाली एकीकडे व्याजाचं पाठ्यपुस्तक तयार होत होतं आणि दुसरीकडे, दिंडोशीच्या मागच्या डोंगरात, त्याच व्याजावर माणसं जगत होती.

नाणं झिजतं, म्हणून बोलतं

हिशेब लिहून ठेवलेला असेल तर तो वाचता येतो. पण जिथे अक्षरच नाही तिथे काय? या प्रश्नाला ज्यांनी उत्तर दिलं ते गोव्यात, कोसबें गावी, ३१ जुलै १९०७ रोजी जन्मले. दामोदर धर्मानंद कोसंबी. वडील धर्मानंद हे पाली आणि बौद्ध धर्माचे थोर अभ्यासक. मुलगा हार्वर्डमधून १९२९ साली पदवी घेऊन परतला, बनारस आणि अलीगढला शिकवून पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयात गणित शिकवू लागला आणि १९४५ पासून मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत गणिताचा प्राध्यापक झाला. पुण्याहून मुंबईला ते डेक्कन क्वीननं येत. आनुवंशिकीत गुणसूत्रावरची अंतरं मोजायला आजही त्यांचं १९४४ सालचं सूत्र वापरतात. अशा माणसानं एक दिवस तराजू घेतला आणि जुनी नाणी तोलायला सुरुवात केली.

आहत नाणी म्हणजे चांदीचे छोटे तुकडे, वर ठोकलेल्या खुणा. सूर्य, डोंगर, प्राणी, चक्र अशी चिन्हं. राजाचं नाव नाही, साल नाही. ती कुणी पाडली, कोणती आधीची, कोणती नंतरची, यावर विद्वानांचे तर्क चालत. कोसंबींचा विचार साधा होता. नाणं हातोहात फिरतं आणि दर वेळी त्याचा कणभर अंश झिजतो. एक नाणं किती झिजेल हे सांगता येत नाही. एखादं वर्षभर गाडग्यात पुरलेलं असेल, एखादं रोज बाजारात. पण एका टांकसाळीतून एका वेळी निघालेल्या शेकडो नाण्यांची सरासरी घेतली तर ती दर वर्षी जवळजवळ सारख्याच प्रमाणात उतरते. शिवाय नाण्यानाण्यांतला फरक वाढत जातो. नवी नाणी एकमेकांसारखी असतात, जुनी वेगवेगळी होतात, अगदी माणसांसारखी.

आता एका मडक्यात पुरलेला साठा घ्या. समोरच्या बाजूवरची चिन्हं पाहून नाण्यांचे गट करा आणि प्रत्येक गटाची सरासरी काढा. या नाण्यांचं मूळ प्रमाण ३२ गुंजा, म्हणजे साडेतीन ग्रॅमच्या आसपास. ज्या गटाची सरासरी त्याच्या सर्वांत जवळ, तो गट पुरण्याच्या वेळी सर्वांत नवा. जो सर्वांत हलका, तो सर्वांत जुना. गट वजनानं ओळीत लावले की राजांची रांग लागते! तक्षशिलेच्या साठ्यांवर कोसंबींनी हेच केलं आणि आपली रीत तपासायला चलनातली आधुनिक नाणीही तोलली. त्यांचा या विषयावरचा मोठा निबंध १९४१ साली प्रसिद्ध झाला.

आणखी एक गोष्ट त्यांच्या ध्यानात आली. या नाण्यांच्या मागच्या बाजूला बारीक बारीक खुणा असतात, कशाही ठोकलेल्या, आणि त्यांच्याकडे फारसं कुणी पाहत नसे. कोसंबींनी त्या मोजल्या. मागच्या खुणा जितक्या जास्त, तितकं नाणं हलकं. म्हणजे ठराविक काळानं कुणी सराफ नाणं पारखत असे आणि आपली खूण ठोकत असे. प्रत्येक खूण म्हणजे नाण्याचा जणू एक वाढदिवस. अक्षरशून्य धातूला वय सांगायला लावलं ते सरासरीनं, प्रसरणानं आणि सहसंबंधानं. ही तिन्ही नावं संख्याशास्त्राच्या पुस्तकात किती कोरडी वाटतात!

पायाखालचं पुस्तक

कोसंबी तराजूवर थांबले नाहीत. पुण्याच्या आसपासच्या टेकड्या त्यांनी पायी तुडवल्या. गारगोटीची बोटाच्या पेराएवढी अश्मयुगीन पाती वेचली, धनगरांशी, गुरवांशी, शेतकऱ्यांशी बोलले, माळावरच्या शेंदूर फासलेल्या देवींची ठिकाणं नोंदली. ही पाती कुठे सापडतात, देवींची ठाणी कुठे आहेत, लेणी कुठे कोरली आहेत आणि मेंढपाळांच्या वाटा कुठून जातात, हे सगळं त्यांनी एकत्र मांडून पाहिलं. वारीच्या वाटेखालीही त्यांना फार जुन्या, कळपामागून ऋतुमानानुसार चालणाऱ्या माणसांची वाट दिसली. १९६२ साली मुंबईत प्रसिद्ध झालेल्या 'मिथ अँड रिअ‍ॅलिटी'मध्ये हे लेख आहेत. त्यातच गोव्यातल्या गावकारीवरचा, म्हणजे गावसमाजांच्या व्यवस्थेवरचा लेखही आहे, स्वतःच्या मातीबद्दलचा.

आपल्या मेट्रोच्या मार्गावरही अशी पानं आहेत. आकुर्लीजवळच्या पडण टेकडीवर ब्राह्मी अक्षरं कोरलेली होती. भगवानलाल इंद्रजींनी सोपाऱ्याच्या अवशेषांबरोबर त्यांच्यावर १८८०च्या दशकात लिहिलं. कांदिवलीत के. आर. यू. टॉड या नौदल अधिकाऱ्याला ओढ्याकाठच्या थरांत दगडी हत्यारं मिळाली आणि १९३०च्या दशकात त्यानं ती जगापुढे मांडली. दिंडोशी ते मागाठाणे एवढ्या प्रवासात रुळाच्या दोन्ही बाजूंना अश्मयुग, ब्राह्मी आणि अक्षयनीवी येऊन जातात.

वैशाख वद्य चतुर्थी, सोमवार

आता थोडं लांब जाऊ. फिलिपिन्समध्ये, मनिलाच्या जवळच्या लगुना प्रांतात, १९८९ साली नदीच्या मुखाशी वाळू उपसताना एक तांब्याचा पत्रा हाती आला. वहीच्या पानापेक्षा फार मोठा नाही. त्यावर बारीक अक्षरांत दहा ओळी. तोवर त्या देशाचा लिखित इतिहास १५२१ साली मॅगेलनच्या जहाजांपासून सुरू होतो असं मानत. मिंदोरो बेटावर राहणारे अभ्यासक आंतून पोस्तमा यांनी पत्र्याचं वाचन १९९२ साली प्रसिद्ध केलं. लिपी कावी, भाषा जुनी मलय आणि आत संस्कृत शब्दांची रेलचेल.

आरंभी 'स्वस्ति' आणि मग तारीख. शके ८२२, वैशाख मास, कृष्णपक्ष, चतुर्थी, सोमवार. आपल्या घरातल्या कुठल्याही आजीला ही तारीख कळेल. तिला ती पंचांगातली ओळ वाटेल.

ही तिथी नेमकी कोणत्या दिवशी पडली हे काढायला हेक्टर सांतोस या फिलिपिनो अभ्यासकानं कालगणना केली. तिथी, पक्ष आणि वार तिन्ही जुळायला हवेत, म्हणजे चंद्राचं गणित आलं. उत्तर आलं २१ एप्रिल ९००. ८२२ अधिक ७८. आपल्याच बेरजेनं त्यांच्या देशाचा लिखित इतिहास ६२१ वर्षं मागे गेला.

पत्र्यावर आहे एक कर्जमुक्ती. नामवरान नावाच्या माणसाचं एक कटी आणि आठ सुवर्ण वजनाचं सोन्याचं कर्ज माफ झालं आहे आणि त्याच्या मुलाबाळांकडे कुणी ते मागू नये. सुवर्ण! नाशिकच्या भिंतीवर पस्तीस काहापणांना एक मिळणारा सुवर्ण. मधे जवळजवळ आठशे वर्षं आणि अख्खा समुद्र. कान्हेरीच्या शके ७९९ च्या लेखानंतर अवघ्या तेवीस वर्षांनी, त्याच शकगणनेत, कुणी मनिलाजवळ हिशेब चुकता केला. त्या पत्र्यावर 'तुंदुन' हे गाव आहे. ते आजचं तोंदो, मनिलातली दाट वस्ती, असं अभ्यासक मानतात. तिथल्या मुलांचं मागाठाणे.

फिलिपिन्सच्या अभ्यासकांनी यापुढचंही एक पाऊल टाकलं. झेउस सालाझार या इतिहासकारानं १९७०-८०च्या दशकांत 'पांतायोंग पनानाव' नावाची दृष्टी मांडली. तिचा पाया एका सर्वनामावर आहे. टॅगालॉग भाषेत 'आम्ही'साठी दोन शब्द आहेत. 'कामी' म्हणजे ऐकणारा सोडून आम्ही. 'तायो' म्हणजे ऐकणाऱ्यासकट आपण. सालाझार म्हणतात की आमचा इतिहास फार काळ 'कामी'त लिहिला गेला. परक्याला समजावत, त्याच्यापुढे बाजू मांडत. आता तो 'तायो'त लिहू या, आपल्या भाषेत, आपण आपल्याशी बोलत.

इंग्रजी वाचकाला हे समजावून सांगायला परिच्छेद लागतो. मराठी वाचकाला लागत नाही. 'आम्ही जेवायला निघालो' आणि 'आपण जेवायला निघालो' यांतला फरक आपल्याकडे तीन वर्षांच्या पोराला कळतो. दुसरं वाक्य ऐकलं की ते चपला घालायला धावतं. एका इतिहासकाराचा मोठा विचार आपल्या व्याकरणात आधीपासून बसलेला आहे.

आपलं गणित

शाळेतलं गणितही बऱ्याचदा 'आम्ही'तलं असतं. पुस्तक बोलतं, मूल बाहेर उभं राहतं. मुंबईतच या दरीवर पन्नास वर्षं काम चाललं आहे. टाटा मूलभूत संशोधन संस्थेनं १९७४ साली होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्र काढलं. ते आता मानखुर्दला आहे. व्ही. जी. कुलकर्णी आणि त्यांचे सहकारी जळगाव जिल्ह्यात खिरोद्याच्या परिसरातल्या शाळांपर्यंत गेले. केंद्राच्या सुरुवातीच्या कामात एक गोष्ट ठळक झाली. मुलांना विज्ञान अडत नव्हतं, पाठ्यपुस्तकाची भाषा अडत होती, आणि भाषा सोपी केली की समज वाढत होती. पुढे याच केंद्रातून अरिंदम बोस आणि के. सुब्रमण्यम यांनी धारावीतल्या मुलांचं शाळेबाहेरचं गणित अभ्यासलं. घरात शिवणकाम, जरीकाम चालतं तिथली मुलं मापं, भाग, नफा, अंदाज असं पुष्कळ जाणून होती. शाळेला मात्र ते दिसत नव्हतं.

ही मुलं त्या कल्याणच्या सोनाराची, गोवर्धनच्या विणकरांची वारसदार आहेत. हिशेब त्यांच्या हातात आहे. तो वहीत उतरवायला एक पूल हवा, आणि आपल्या परिसराचा इतिहास हा माझ्या माहितीतला सर्वांत भक्कम पूल आहे.

म्हणून दिंडोशीतल्या एखाद्या शिक्षिकेला, एखाद्या आजोबांना माझी कळकळीची विनंती आहे. सुट्टीच्या दिवशी सातवी-आठवीच्या मुलांना कान्हेरीला न्या. दोरी आणि माप घेऊन एखादं पाण्याचं टाकं मोजायला सांगा. लांबी, रुंदी, खोली, घनफळ; मग एका माणसाला दिवसाला किती पाणी लागतं ते धरून पुढच्या पावसापर्यंत किती माणसं जगतील ते काढू द्या. शके ७९९ मध्ये ७८ मिळवायला सांगा. नाशिकचं उदाहरण फळ्यावर लिहा, पण २४० मात्र लिहू नका. घरी आल्यावर एकाच प्रकारची, वेगवेगळ्या सालांची नाणी गोळा करून ओळखीच्या सराफाकडे तोलून घ्या. पोलादी नाणी चांदीपेक्षा फार हळू झिजतात, त्यामुळे फरक दिसायला पुष्कळ नाणी आणि बारीक तराजू लागेल. एखादं नाणं काहीच का सांगत नाही आणि शंभर मिळून का सांगतात, हे मुलांना तिथेच कळेल. कोसंबींना कळलं ते हेच.

मागाठाण्याचं ते शेत आज शोधून सापडायचं नाही. त्यावर इमारती असतील, रस्ता असेल, कदाचित मेट्रोचा खांब असेल. त्याचं उत्पन्न ज्यांच्यासाठी होतं ते भिक्खू गेले, काहापण गेले, ते कोरणारे हात गेले. नाव तेवढं उरलं आणि दिवसातून कितीतरी वेळा ते मोठ्यानं उच्चारलं जातं. परतीच्या गाडीत ती घोषणा झाली की डब्यातली इतर माणसं दाराकडे सरकतील, आणि वहीत नुकतंच २० गुणिले १२ करून आलेली ती मुलगी शेजारच्या मैत्रिणीला म्हणेल, "हे आपलं शेत."